हुंकार

"गोष्ट चांगली कशाला म्हणायची?" हा प्रश्न आम्हाला एका विद्यार्थिनीने विचारला. आम्ही दोघे नवरा-बायको शिक्षक. एकाची नोकरी मराठी माध्यमाच्या शाळेत, दुसरीची उर्दू माध्यमाच्या. सासर जळगाव, माहेर धुळे. वीस-बावीस वर्षे मुलांना गोष्टी शिकवल्या, त्यांवर प्रश्न काढले, गुण दिले. त्यामुळे उत्तर तयार होते. कथानक, पात्रे, वातावरण, भाषा, संदेश. मुलीने सगळे वहीत उतरवून घेतले आणि मान वर न करता विचारले, "पण सर, मॅडम, तुम्हाला आवडलेली गोष्ट तुम्ही अशीच निवडता का?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. खरे सांगायचे तर नाही. अशी कोणीच निवडत नाही. मग कशी निवडतो? तो प्रश्न घेऊन आम्ही घरी आलो, आणि तो अजून घरातच आहे.

उत्तर शोधायला आम्हाला मागे जावे लागले. धुळ्याच्या घरात खाली चार माग होते. दिवसभर त्यांची खटखट. त्या आवाजात सुखदुःखाचे बोलणेसुद्धा ओरडून करावे लागे. लाइट गेली की माग थांबत, आणि मोहल्ल्यात एकदम अशी शांतता पसरे की कान दुखावेत. ती नानीची वेळ. बोरनारूच्या दाण्यांसारखे एकेक वाक्य ती टाकायची. हातिमताईचा किस्सा, शहजाद्यांचे किस्से, पैगंबरांचे किस्से. पण तिची एक अट असे. ऐकणाऱ्याने 'हूं' म्हटले पाहिजे. "हूं बोलो, नहीं तो किस्सा सो जाएगा." आम्ही पोरे अंधारात हूं, हूं करत राहायचो. एखाद्या ठिकाणी हुंकार मंदावला की ती लगेच रस्ता बदलायची. शहजाद्याचे वर्णन सोडून थेट विहिरीपाशी यायची. हुंकार थांबला की किस्सा थांबला. उद्या पुढे.

मराठीतही गोष्ट ऐकणाऱ्याने हुंकार द्यायची रीत होतीच. खेड्यापाड्यांत, शेकोटीपाशी, दळणाकांडणात ती चालत आली. आम्हाला वाटते, जगातील पहिला समीक्षक हा हुंकार देणारा माणूस असावा. त्याला कथानक, वातावरण हे शब्द ठाऊक नव्हते. पण गोष्ट कुठे मेली हे त्याला नेमके कळत होते.

नानीचा सर्वांत आवडता किस्सा हजरत यूसुफांचा. सूरह यूसुफला 'अहसनुल कसस' म्हणतात, म्हणजे सर्वांत सुंदर किस्सा. लहानपणी आम्हाला एवढेच कळे की भावांनी भावाला विहिरीत टाकले आणि बाप रडून रडून आंधळा झाला. मोठेपणी, शिक्षक झाल्यावर, दुसरी एक गोष्ट ध्यानात आली. त्या किश्शात एक सदरा तीन वेळा येतो. पहिल्यांदा खोटे रक्त लावून भाऊ तो बापापुढे आणतात. दुसऱ्यांदा तो मागून फाटलेला असतो आणि त्यावरूनच यूसुफ निर्दोष ठरतात. तिसऱ्यांदा तो बापाच्या चेहऱ्यावर टाकला जातो आणि गेलेली नजर परत येते. एक साधा सदरा. खोटी साक्ष तोच, खरी साक्ष तोच, औषधही तोच. नानीने हे कधी समजावून सांगितले नाही. पण सदरा आला की तिचा आवाज बदलायचा, आणि आमचा हुंकारही.

जळगावच्या घरातील वाचन वेगळ्या तऱ्हेचे. अब्बा डाळ मिलमध्ये कामाला. संध्याकाळी अंगावरची भुशी झटकून ते भाड्याच्या पुस्तकांच्या दुकानात जात. मराठीत बाबुराव अर्नाळकर, उर्दूत इब्ने सफी. एका हाताला झुंजार आणि काळापहाड, दुसऱ्या हाताला 'जासूसी दुनिया'तले फरीदी आणि हमीद. अर्नाळकरांनी हजारावर पुस्तके लिहिली. अब्बांनी त्यांतली किती वाचली याचा हिशेब फक्त दुकानदाराकडे असेल. त्यांची कसोटी सरळ होती. ज्या पुस्तकापायी ताटातली रोटी थंड होते, ते पुस्तक चांगले. दादी रागावायची, अब्बा पान उलटायचे.

ही कसोटी कमी प्रतीची आहे असे आम्ही कधी म्हणणार नाही. 'मग काय झाले?' हे ज्या गोष्टीत वाचकाला विचारावेसे वाटत नाही, ती गोष्ट नव्हे, निबंध. पण एक खरे की दुसऱ्या दिवशी अब्बांना त्या पुस्तकातले फारसे आठवत नसे. याउलट प्रेमचंदांची 'ईदगाह' त्यांनी शाळेत असताना एकदाच वाचली होती, आणि साठी ओलांडल्यावरही बाजारातून लोखंडी चिमटा आणताना त्यांना हामिद आठवायचा. त्या पोराकडे जत्रेत तीन पैसे असतात. बाकीची मुले मिठाई खातात, मातीची खेळणी घेतात. हा भाव करून दादीसाठी चिमटा घेतो, कारण तव्यावरून रोटी काढताना तिची बोटे भाजतात. अब्बा म्हणायचे, "इसमें हिसाब बराबर है." त्यांना म्हणायचे होते, तीन पैशांत काय येते आणि काय येत नाही, हे लेखकाला ठाऊक आहे. गरिबीचे वर्णन करणारे पुष्कळ भेटतात, गरिबाचा हिशेब ठाऊक असलेले थोडे. डाळ मिलच्या कामगाराने केलेली ही समीक्षा आम्हाला पुढे बी. ए., एम. ए.च्या पुस्तकांत सापडली नाही.

आमच्या खानदेशाच्या मातीत ऐकण्याला वाचण्याइतकाच मान आहे. बहिणाबाई चौधरी आसोद्याच्या, जळगावच्या सासुरवाशीण. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या गात गेल्या, घरच्यांनी कागदावर उतरवले. १९५१ साली त्या वारल्या आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने ती गाणी पुस्तकात आली. आज विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. समोर कैदी बसलेले, आणि लिहून घेणारे साने गुरुजी. त्याच गुरुजींनी, अमळनेरच्या शाळेतल्या शिक्षकाने, १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. तीही रात्री-रात्रींत वाटलेली आहे. श्याम सांगतो, मित्र ऐकतात. पुस्तक छापील असले तरी आतमध्ये कोणीतरी हूं म्हणत बसलेले आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांनी कादंबरीपुढे लघुकथेला कमी लेखले. त्यांचा अधिकार मोठा. पण आमच्या नानीने ते ऐकले असते तर तिने एवढेच विचारले असते की, लाइट तेवढा वेळ जाते का?

वाचनाच्या वयात मात्र आम्हाला एक अडचण आली. ती या अंकाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. व. वा. वाचनालयातून आणलेल्या कथांत आम्ही स्वतःला शोधू लागलो आणि सापडेनासे झालो. ऐतिहासिक कादंबरीत आमचा माणूस मिशा पिळत गडाखाली तळ देऊन बसलेला. सामाजिक कथेत तो अत्तरवाला, टांगेवाला, नाहीतर जीव देणारा इमानी नोकर. बोलणे मोडके, दर वाक्याला अल्लाची कसम. लाइटचे बिल भरणारा, मुलाच्या दहावीच्या निकालाची काळजी करणारा, बायकोशी भांडून ओट्यावर जाऊन बसलेला मुसलमान त्यात नव्हता. वाईट रंगवला याचे दुःख होतेच. पण इमानी रंगवला तरी तो आमच्या ओळखीचा वाटत नव्हता, याचे दुःख जास्त होते. पुतळ्याला हार घातला काय किंवा दगड मारला काय, पुतळा तो पुतळाच.

म्हणून व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं' या १९४९ सालच्या पुस्तकात 'तांबोळ्याची खाला' आणि 'मुलाण्याचा बकस' भेटले तेव्हा आम्ही उठून बसलो. ती गावातली माणसे होती, इतर माणसांच्या रांगेत बसलेली. पुढे हमीद दलवाईंचा 'लाट' हा १९६१ सालचा कथासंग्रह आणि १९६५ सालची 'इंधन' ही कादंबरी वाचली. दलवाईंच्या मतांवरून आमच्या घरात, आमच्या मोहल्ल्यात वाद झाले, आजही होतात. आम्हा दोघांचेही एकमत नाही. पण त्यांच्या कोकणातल्या घरातला उंबरा, ओटा, माणसांचे एकमेकांकडे पाहणे खरे आहे, यावर एकमत आहे. लेखकाशी भांडत भांडत त्याची गोष्ट मानता येते, हे आम्ही तिथे शिकलो. आणि लेखकाच्या प्रत्येक मताला मान डोलावूनही गोष्ट हातातून गळून पडते, हे शिकलो आमच्या स्वतःच्या गोष्टीपाशी.

ती हकीकत सांगायलाच हे लिहायला घेतले.

६ जानेवारी २०१३. धुळ्यात मच्छीबाजाराच्या भागात हॉटेलच्या बिलावरून वाद झाला, त्याची दंगल झाली, गोळीबारात सहा तरुण गेले. मग संचारबंदी. आम्ही जळगावला, अम्मी धुळ्यात. एरवी अडीच-तीन तासांचा एसटीचा रस्ता, एरंडोल, पारोळा, की आलेच धुळे. ते दिवस आम्ही फोनला चिकटून काढले. रस्ते उघडल्यावर गेलो, अम्मीला पाहिले, परत आलो, आणि काही महिन्यांनी दोघांनी मिळून गोष्ट लिहिली. चौदा पाने. धूर होता, सायरन होता, वर्तमानपत्रांचे मथळे होते. शेवटी एक वृद्ध शिक्षक उभा राहून बंधुभावावर दीड पान बोलत होता. ते दीड पान आम्हाला फार आवडले होते.

धुळ्याला जाऊन अम्मीला ती वाचून दाखवली. अम्मी मराठी बोलते, बाजारात अहिराणीही बोलते, पण वाचते उर्दूच. भाजी निवडत ती ऐकू लागली. पहिल्या पानावर हूं. दुसऱ्या पानावर हूं. तिसऱ्या पानावर नुसत्या मेथीच्या काड्या मोडल्याचा आवाज. आम्ही शहाण्यासारखे वाचत राहिलो. गोष्टीतली म्हातारी, जी अम्मीवरूनच घेतली होती, "मला अत्यंत दुःख झाले आहे," असे म्हणाली तेव्हा अम्मीला हसू आले. संपल्यावर ती म्हणाली, "अच्छा लिखा. लेकिन बेटा, इसमें मेरा हंडा किधर है?"

कोणता हंडा? तेव्हा तिने सांगितले. धुळ्यात नळाला रोज पाणी नसते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पाण्याचा दिवस आला की घरातले प्रत्येक भांडे बाहेर येते. दंगलीच्या आदल्या दिवशी तिने गल्लीच्या टोकाच्या बाईंकडून एक हंडा मागून आणला होता. पंचवीस वर्षांची देवाणघेवाण. त्यांच्याकडे ईदचा शीरखुर्मा जायचा, त्यांच्याकडून दिवाळीचा फराळ यायचा. दुसऱ्या दिवशी हंडा परत द्यायचा होता. दुसऱ्या दिवशी ते सगळे झाले. संचारबंदीत अम्मीने त्याच हंड्यातले पाणी पुरवून पुरवून वापरले. रस्ते उघडल्यावर ती हंडा घेऊन दारापर्यंत गेली आणि परत फिरली. आज नको, उद्या. त्याही आल्या नाहीत. दोन महिन्यांनी त्यांनी घर विकले आणि शहराच्या दुसऱ्या भागात राहायला गेल्या. हंडा राहिला. त्यावर त्यांच्या सासूबाईंचे नाव कोरलेले आहे. अम्मी त्यात पाणी भरत नाही. दर ईदला चिंच लावून घासते आणि परत फळीवर ठेवते.

तो हंडा आम्ही प्रत्येक खेपेला पाहिला होता. त्याच्याखाली बसून आम्ही ती चौदा पाने वाचली होती.

आम्ही पुन्हा लिहायला बसलो. वृद्ध शिक्षक गेला, मथळे गेले, दीड पान गेले. अम्मी घरच्या बोलीत बोलू लागली. आधी आम्हाला संकोच वाटत होता की मराठी मासिकात हे चालेल का. मग आठवले, १९३६ साली जळगावला साहित्य संमेलन भरले तेव्हा अध्यक्ष होते माधव जूलियन, फारसीचे अभ्यासक, फारसी-मराठी कोशाचे कर्ते. किस्सा, हकीकत, मजकूर, खबर, अक्कल हे शब्द मराठीने केव्हाच घरात घेतलेत. माणसांनाच उंबऱ्यावर ताटकळायला लागते.

दुसऱ्या खर्ड्याच्या शेवटी आम्ही त्या बाईंना परत आणले. ईदच्या दिवशी दारात येतात, दोघी गळ्यात पडून रडतात. अम्मीने सगळे पाने हूं, हूं करत ऐकली आणि तिथे आल्यावर गप्प झाली. म्हणाली, "वो आई नहीं. झूट मत लिखो." आम्ही म्हटले, अम्मी, गोष्टीत एवढे चालते, वाचकाला आशा वाटली पाहिजे. ती म्हणाली, "आशा उसको होगी ना, तो वो खुद जाके हंडा देके आएगा." आम्ही शेवट खोडला. हंडा फळीवरच ठेवला.

ही तिसरी प्रत जळगावला एका घरगुती बैठकीत वाचली. वीसेक माणसे, निम्मी आपली, निम्मी शेजारपाजारची, शाळेतली. संपल्यावर कोणी छान म्हटले नाही. एका निवृत्त मास्तरांनी विचारले, "हंडा तांब्याचा की पितळेचा?" आम्ही ते लिहिलेलेच नव्हते. मागून एका बाईंनी विचारले, "नाव काय कोरलंय त्यावर?" तेही आम्ही मुद्दामच लिहिले नव्हते. त्या क्षणी आम्हाला त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळाले. वाचक जेव्हा गोष्टीत नसलेली माहिती विचारतो, तेव्हा त्याच्यापुरती ती गोष्ट खरी झालेली असते. कागदावर नसलेला हंडा तो मनातल्या मनात उचलून पाहत असतो, जड आहे की हलका. तो रस्ता ओलांडून त्या घरात आलेला असतो. भाषणाने त्याला आत बोलावता आले नव्हते. चिंचेने घासलेल्या एका भांड्याने आणले.

हे इथेच संपले असते तर आम्ही खूश होऊन घरी गेलो असतो. पण दाराशी एक तरुण उभा होता. मूळचा धुळ्याचा, जळगावला मोबाइल दुरुस्तीचे काम करतो. तो म्हणाला, "सर, सहा पोरं गेली. त्यातला एक माझ्या ओळखीचा होता. आणि तुम्ही हंड्याची गोष्ट लिहिली."

आम्ही काही बोलू शकलो नाही. रात्रभर बोलत राहिलो, पण एकमेकांशी. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. चांगली गोष्ट म्हणजे सगळ्यांना सोसेल एवढेच दुःख सांगणारी गोष्ट का? निम्म्या माणसांना अवघडायला होऊ नये म्हणून तर आम्ही हंडा निवडला नाही ना? आम्ही मन तपासले. हंडा आम्ही निवडला नव्हता, अम्मीने आमच्या हातात दिला होता. ते दुःख तिचे होते, म्हणून तिच्या हुंकाराने ते तपासता आले. त्या मुलाचे दुःख आमच्याकडे वर्तमानपत्रातून आले होते, म्हणूनच पहिल्या खर्ड्यात ते मथळा होऊन बसले. ज्याचे दुःख त्याचा हिशेब त्यालाच ठाऊक. तीन पैशांत काय येते आणि काय येत नाही, ते तोच सांगू शकतो. पण ही समजूत आम्हाला सोयीची आहे, हेही आम्हाला कळत होते. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या दुकानावर गेलो आणि म्हटले, "तू लिही. आम्ही ऐकायला येतो."

तो हसला. "मला कुठं येतं सर? दहावी नापास आहे." आम्ही बहिणाबाईंचे नाव घेतले नाही. तसले दाखले शिक्षकाच्या तोंडी फार येतात. नुसते म्हटले, "सांग मग. आम्ही लिहून घेऊ."

बरेच महिने काही घडले नाही. मग एका शुक्रवारी, नमाजनंतर, तो घरी आला. मोबाइलच्या पावतीपुस्तकाच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलेले सात-आठ कागद. निम्मे मराठी, निम्मे उर्दू शब्द मराठी अक्षरांत. दंगल त्यात अजून आलीच नव्हती. दोन पोरे एका सायकलवरून पोहायला चालली होती, आणि चेन सारखी उतरत होती.

त्याने पहिला कागद वाचला आणि थांबून आमच्याकडे पाहिले. ठीक आहे की नाही, असे डोळ्यांनी विचारले. कथानक, पात्रे, वातावरण, संदेश यांतले आम्हाला काही सुचले नाही.

आम्ही दोघेही म्हणालो, "हूं."

त्याने दुसरा कागद घेतला.